सोयाबीन खरेदीचं ॲप, जड बंडल आणि ट्री शेकिंग: एक पूर्ण प्रकरण

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ॲप आहे. ॲप म्हणतात सगळे, पण आहे ती ब्राउझरमधी उघडणारी वेबसाइटच, रिॲक्ट ही पानं बनवायची लायब्ररी अन टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टवर बेतलेली भाषा वापरून लिहिलेली, अन सगळ्या फाइली एकत्र बांधायला, म्हणजे बंडलिंगला, वेबपॅक ५ हे टूल. शेतकऱ्यानं माल आणायच्या आधी नोंदणी करायची, टोकन घ्यायचं, आपला नंबर कधी लागतोय ते बघायचं, अन माल उतरल्यावर ओलावा किती निघाला, वजन किती भरलं, पट्टी कितीची झाली हे सगळं त्याच्यातच दिसतं. आधी दुसऱ्या एका टीमनं बनवलेलं, नंतर मेंटेनन्स माझ्याकडं आला, सोबतीला एक ज्युनियर पोरगा. गर्दी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधी, अन तक्रार सगळ्या केंद्रांवरून एकच. औशाकडच्या एका काकांनी फोनच माझ्यापुढं धरला, "कामून उघडंना ओ सर हे, मघाधरनं नुस्तं गोल गोल फिरायलंय." फोन साधा दोन जीबी रॅमवाला, टॉवरची एकच कांडी. टोकनचा नंबर पुकारला अन माणसाला कळलंच नाही तर तो मागं पडतो, ट्रॅक्टरचं भाडं चढत राहतं, म्हणून हे प्रकरण मी नुसतं स्कोर वाढवायचं काम म्हणून घेतलो नाही.

पहिला संशय सगळ्यांचा सर्व्हरवर होता. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून बघितलं तर एपीआयची, म्हणजे सर्व्हरकडून माहिती आणणारी, उत्तरं एकदम छोटी अन लवकर येणारी, टोकनच्या यादीत असतंय काय, नंबर, नाव, गाव, वेळ. अडकत होतं ते त्याच्या आधीच, जावास्क्रिप्टची एकच मेन फाइल, मिनिफाय केल्यावरसुद्धा, म्हणजे रिकाम्या जागा अन लांब नावं काढून लहान केल्यावरसुद्धा, एक मेगाबाइटच्या बरीच वर, ती पूर्ण येऊन चालल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं की जीझिप आहे की, फाइल दाबूनच पाठवतो, मग कशाला टेन्शन. जीझिपनं वायरवरून येणारा आकडा कमी होतो हे बरोबर, पण फोनवर पोचल्यावर ती फाइल परत फुगते अन ब्राउझरला तेवढा सगळा कोड वाचावा लागतो, समजून घ्यावा लागतो, चालवावा लागतो. आपल्या लॅपटॉपवर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, स्वस्तातल्या प्रोसेसरवर तोच कोड कितीतरी जास्त वेळ खातो. म्हणजे डाउनलोड अन प्रोसेसर दोन्हीकडून मार बसतो, अन तो बसतो ज्याच्याकडं दोन्ही कमी आहे त्यालाच.

मग वेबपॅक बंडल ॲनालायझर लावला. हे टूल बंडलमधी कोण किती जागा खातंय ते चौकटी-चौकटींच्या नकाशात दाखवतं, अन माझं म्हणणं आहे की कुठलाही बदल करायच्या आधी हा नकाशा बघावाच, अंदाजानं हात घातला की माणूस छोट्या चौकटीवर आठवडा घालवतो. नकाशात तारखांची लायब्ररी मोमेंट त्याच्या सगळ्या भाषांसकट, छोट्या-छोट्या कामांच्या फंक्शनांची लायब्ररी लोडॅश पूर्ण, आलेख काढणारी चार्टजेएस पूर्ण, एक्सेल फाइल बनवणारी लायब्ररी, अन आपल्याच कोडमधलं हेल्पर्स नावाचं फोल्डर जे अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठं होतं.

बंडलमधला कुणीच न वापरलेला कोड गाळून टाकणं म्हणजे ट्री शेकिंग, वेबपॅकच्या प्रॉडक्शन मोडमधी, म्हणजे लोकांपर्यंत जाणाऱ्या बिल्डमधी, ते चालू असतं. म्हणून ज्युनियरनं विचारलेला प्रश्न लई बरोबर होता. "दादा, मोड प्रॉडक्शन लावलेला आहे, मग ट्री शेकिंग आपोआप होतंय ना, हे सगळं राहिलंच कसं?"

ह्या प्रश्नाच्या उत्तरातच सगळं प्रकरण आहे. ट्री शेकिंग चालू असणं अन ते घडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंडलर, म्हणजे वेबपॅकसारखं टूल, कोड तेव्हाच काढतो जेव्हा त्याला खात्री देता येते की हा कोड काढला तरी प्रोग्रॅमच्या वागण्यात काही फरक पडणार नाही. थोडीशी जरी शंका आली तर तो ठेवून देतो, अन तेच बरोबर आहे, कारण जास्तीचा कोड राहिला तर ॲप हळू होतं पण लागणारा कोड गेला तर ॲप बंद पडतं. म्हणून आपलं काम बटण दाबायचं नसून बंडलरची शंका कुठं कुठं येते ते शोधून ती दूर करायचं आहे.

ही खात्री देणं शक्य झालं ते ईएस मॉड्यूलमुळं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या स्वतःच्या मॉड्यूल पद्धतीमुळं. जून २०१५ मधी जावास्क्रिप्टचं ईएस२०१५ स्टँडर्ड आलं अन इम्पोर्ट-एक्सपोर्ट भाषेतच आलं. हे इम्पोर्ट फाइलीच्या सगळ्यात वरच्या पातळीलाच लिहावं लागतं, इफच्या आत घालता येत नाही, नाव व्हेरिएबलमधून बनवता येत नाही, त्यामुळं कोड न चालवता नुसता वाचूनच कळतं की कोण कुणाकडून काय घेतंय. आधीच्या कॉमनजेएस पद्धतीचं रिक्वायर मात्र साधं फंक्शन आहे, कुठंही, कसंही, कुठल्याही नावानं बोलवता येतं, म्हणजे बंडलरच्या दृष्टीनं ते शिवलेलं पोतं, आत काय ते उसवल्याशिवाय कळत नाही म्हणून तो अख्खं पोतंच गाडीत टाकतो. न लागणारा कोड काढायची कल्पना त्याच्याही आधीची आहे, गूगलनं क्लोजर कंपायलर २००९ मधी खुला केला तेव्हा त्याच्या ॲडव्हान्स्ड मोडमधी हे होतंच, पण ट्री शेकिंग हे नाव अन ही पद्धत आपल्या रोजच्या कामात आली ती रिच हॅरिसच्या रोलअप ह्या बंडलरमुळं, २०१५ पासून. वेबपॅकमधी ते दुसऱ्या आवृत्तीत आलं, २०१७ मधी, अन साइडइफेक्ट्सचा झेंडा, त्याचं पुढं येतंच, चौथ्या आवृत्तीत, २०१८ मधी.

वेबपॅकमधी हे काम दोन जण मिळून करतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फाइलीच्या आतल्या कोडवर वेबपॅक स्वतः फक्त खूण करतो की हा एक्सपोर्ट कुणी वापरत नाही. प्रत्यक्ष कापायचं काम टर्सर हे दुसरं टूल करतं, मिनिफाय करताना. म्हणून डेव्हलपमेंट बिल्ड बघून "काहीच निघालं नाही की" म्हणण्यात अर्थ नाही, तिथं कापणारा बसलेलाच नसतो.

आता तुटलंय कुठं ते शोधायचं. वेबपॅकच्या स्टॅट्समधी, म्हणजे बिल्डच्या अहवालात, ऑप्टिमायझेशनबेलआउट नावाचा पर्याय आहे, तो ट्रू केला की प्रत्येक फाइलीपुढं लिहून येतं की हिच्यावर काम का करता आलं नाही. आम्ही तो चालू केलो अन जे दिसलं त्यानं अर्धं कोडं तिथंच सुटलं, आपल्या स्वतःच्या जवळजवळ प्रत्येक फाइलीपुढं एकच तक्रार, हे ईएस मॉड्यूल नाही म्हणून. आता कोड तर सगळा इम्पोर्ट-एक्सपोर्टनंच लिहिलेला, एडिटरमधी दिसायला एकदम नवा. मग नाही कसं?

टीएसकॉन्फिग ह्या टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगच्या फाइलीत मॉड्यूलची किंमत कॉमनजेएस होती. म्हणजे टाइपस्क्रिप्ट आपले सगळे इम्पोर्ट आधीच रिक्वायरमधी बदलून वेबपॅकच्या हातात देत होतं, वेबपॅकला मूळचे इम्पोर्ट कधी दिसलेच नाहीत. हे कुणी मुद्दाम वाईट करून ठेवलेलं नव्हतं, कोडमधल्या बदलांचा गिटमधला इतिहास बघितला तर जेस्ट ह्या टूलनं चालणाऱ्या टेस्ट चालत नव्हत्या म्हणून ती ओळ बदललेली, टेस्ट चालल्या, सगळे पुढं गेले. वेबपॅक ५ कॉमनजेएसचे काही साधे पॅटर्न ओळखतो हे खरं, पण टाइपस्क्रिप्ट जे बाहेर काढतं, अख्खं मॉड्यूल एका व्हेरिएबलमधी घ्यायचं अन मग त्याच्यावर टिंब देऊन वापरायचं, त्याच्यावर भरवसा ठेवून बसता येत नाही.

उपाय एका ओळीचा, मॉड्यूल ईएसनेक्स्ट करायचं, अन टेस्टसाठी वेगळी टीएसकॉन्फिग जिच्यात कॉमनजेएस तसंच राहील. पण इथं एक खड्डा आहे अन त्याच्यात पडून लोक हा बदलच मागं घेतात. मॉड्यूल बदललं की बऱ्याच आवृत्त्यांमधी मॉड्यूलरिझोल्यूशनची, म्हणजे इम्पोर्ट केलेलं कुठं शोधायचं त्या सेटिंगची, डिफॉल्ट किंमतही बदलून क्लासिक होते, अन मग नोड मॉड्यूल्स ह्या बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या फोल्डरमधलं काहीच सापडंना अशा एररचा पाऊस पडतो. ती किंमत नोड किंवा बंडलर अशी स्पष्ट लिहून द्यायची, एवढंच. नवा कोड जुन्या ब्राउझरांसाठी बदलून देणारं बेबेल वापरणाऱ्यांनी त्याच्या प्रीसेट एन्व्ह सेटिंगमधी मॉड्यूल्स ऑटो किंवा फॉल्स आहे ना ते बघायचं, बेबेल ७ पासून ऑटोच असतं, पण जुन्या प्रोजेक्टमधी कुणीतरी कॉमनजेएस लिहून ठेवलेलं सापडतंच.

एवढं करून बिल्ड केलं तर हेल्पर्स फोल्डर थोडंच कमी झालं. ज्युनियर नाराज. पण नाराज व्हायचं कारण नव्हतं, साखळीची एक कडी जुळली होती, पुढची तुटलेली होती.

हेल्पर्समधल्या फाइली अशा लिहिलेल्या की वीस-पंचवीस फंक्शनं अन खाली एक्सपोर्ट डिफॉल्ट करून एकाच ऑब्जेक्टमधी सगळी कोंबलेली. वापरताना हेल्पर्स टिंब फॉरमॅटवजन, हेल्पर्स टिंब टोकनप्रिंट असं. आता बंडलरच्या नजरेनं बघा, एक्सपोर्ट एकच आहे, डिफॉल्ट, अन तो वापरात आहे. त्या ऑब्जेक्टच्या आतली कुठली किल्ली लागते कुठली नाही ह्याचा हिशोब तो ठेवत नाही, कारण तो ऑब्जेक्ट कुणाकडंही पाठवता येतो, कंसात नाव घालून त्याच्यातलं काहीही काढता येतं. म्हणून एक फंक्शन लागलं की पंचवीस आली. हे सगळे एक्सपोर्ट सुटे केले, प्रत्येक फंक्शनपुढं एक्सपोर्ट, अन वापरताना लागेल तेवढीच नावं महिरपी कंसात. काम कंटाळवाणं आहे, हुशारीचं नाही, पण ह्या प्रकरणात आपल्या स्वतःच्या कोडमधला सगळ्यात मोठा फरक ह्याच बदलानं पडला. इम्पोर्ट स्टार ॲज असं लिहिलेलं मात्र लगेच बदलायची गरज नाही, त्याच्यावर टिंब देऊन थेट नाव वापरलं असेल तर वेबपॅकला कळतं, व्हेरिएबलनं किल्ली दिली असेल तरच अडतं. आमच्याकडं एका ठिकाणी मालाच्या नावावरून फंक्शन निवडलेलं होतं, सोयाबीन, तूर, हरभरा, तिथं सरळ तीन नावांचा छोटा मॅप लिहिलो.

मग साइडइफेक्ट्स. हा भाग नीट समजून घ्यायला पाहिजे कारण फायदाही इथंच जास्त अन धोकाही. फाइल नुसती इम्पोर्ट केल्यानं काहीतरी घडत असेल, म्हणजे ग्लोबलवर काही ठेवलं जातं, ॲरेच्या प्रोटोटाइपमधी मेथड घातली जाते, सीएसएस, म्हणजे पानाची सजावट, लागतं, तर त्याला साइड इफेक्ट म्हणायचं. पॅकेज जेसन ह्या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत साइडइफेक्ट्स फॉल्स लिहिलं की आपण बंडलरला शब्द देतो की आमच्या कुठल्याच फाइलीत असलं काही नाही, जिच्यातलं काही वापरलं नाही ती फाइल अख्खी सोडून दे, उघडूनसुद्धा बघू नको. इंडेक्स नावाच्या ज्या फाइली असतात, ज्या बाकीच्या दहा फाइलींमधलं सगळं गोळा करून परत एक्सपोर्ट करतात, त्यांच्यासाठी हा शब्द लई महत्त्वाचा, नाहीतर एका बटणासाठी इंडेक्सला हात लावला की दहाच्या दहा फाइली तपासणीत येतात अन शंकेवर राहून जातात.

ज्युनियरनं स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर, सरळ फॉल्स लिहून बघितलं अन पानाचं सगळं सीएसएस गायब. हे व्हायचंच, कारण टोकन डॉट सीएसएस इम्पोर्ट करताना आपण त्याच्यातून कुठलंच नाव घेत नाही, अन बंडलरला आपणच सांगितलंय की नाव घेतलं नाही तर फाइल सोडून दे. त्यानं आमचं ऐकलं. म्हणून फॉल्सऐवजी यादी लिहायची, सगळ्या सीएसएस फाइली, जुन्या ब्राउझरात नसलेल्या सोयी भरून काढणारी पॉलिफिलची फाइल, अन आलेखाचे भाग रजिस्टर करणारी फाइल, एवढ्यांना साइड इफेक्ट आहेत, बाकी कुणाला नाहीत. ही यादी बनवायला प्रत्येक फाइल उघडून वरच्या पातळीला काय चालतंय ते डोळ्यानं बघावं लागलं अन तसंच बघावं, त्याला दुसरा मार्ग मला पटत नाही. दिलेला शब्द खोटा निघाला तर बिल्ड एरर देत नाही, ॲप शेतकऱ्याच्या फोनवर बिघडतं.

आता बाहेरच्या लायब्रऱ्या. लोडॅशमधून लागत होती तीन फंक्शनं, डिबाउन्स, ग्रुपबाय, सॉर्टबाय, अन येत होतं सगळं, मिनिफाय करून सत्तर केबीच्या आसपास. लोडॅशचं नेहमीचं पॅकेज कॉमनजेएस आहे, तोच कोड लोडॅश-ईएस नावानं ईएस मॉड्यूलमधी मिळतो. पण तिथंही अंडरस्कोर नावानं डिफॉल्ट इम्पोर्ट केला की परत सगळंच येतं, नावं महिरपी कंसातच घ्यायची. अन एनपीएम एलएस लोडॅश ही कमांड चालवून बघायचं, कुठली तरी तिसरी लायब्ररी आतून जुनं लोडॅश ओढत असेल तर आपण ईएसवालं घातल्यावर दोन-दोन प्रती येतात अन बंडल उलट वाढतं.

मोमेंटचं दुखणं वेगळंच. तो आतून भाषेची फाइल रिक्वायर करताना नाव स्ट्रिंग जोडून बनवतो, वेबपॅकला कळत नाही की कुठली भाषा लागणार, म्हणून तो त्या फोल्डरमधल्या शंभरावर फाइली सगळ्याच आत घेतो. सगळ्या भाषांसकट मोमेंट मिनिफाय करून तीनशे केबीला टेकतो. कॉन्टेक्स्टरिप्लेसमेंटप्लगिन लावून फक्त मराठी ठेवता येते, पण मोमेंटवाल्यांनीच सप्टेंबर २०२० मधी जाहीर केलंय की हा आता जुना, फक्त देखभालीवरचा प्रोजेक्ट आहे अन नव्या कामात दुसरं काही वापरा. आम्हाला तारीख दाखवायचीच होती फक्त, त्याला ब्राउझरमधलं इंटल पुरतं, जे तारीख अन आकडे भाषेप्रमाणं दाखवतं. एमआर-आयएन हे मराठीचं लोकेल दिलं की महिन्याचं नाव मराठीत येतं अन आकडेही देवनागरीत, बंडलमधी एक बाइट न वाढवता. केंद्रावरच्या मापाड्यांना इंग्रजी आकडे पाहिजे होते कारण वजनकाट्यावर तेच दिसतात अन ताळा करायला सोपं पडतं, तर लोकेलच्या मागं यू-एनयू-एलएटीएन असं जोडलं, महिना मराठी, आकडे काट्यावरचे. ह्या एका बदलाचा मला मनापासून आनंद झाला, कारण बंडलमधून तीनशे केबी जाऊन मराठी उलट नीट झाली.

चार्टजेएस तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ट्री शेकिंगला साथ देतो, पण आपल्या कोडमधी चार्टजेएस स्लॅश ऑटो असा इम्पोर्ट होता अन तो नावाप्रमाणं सगळंच आपोआप रजिस्टर करतो, पाय, रडार, बबल, सगळं. आम्हाला भावाचा एक रेषेचा आलेख पाहिजे. लाइनकंट्रोलर, लाइनएलिमेंट, पॉइंटएलिमेंट, लिनियरस्केल, कॅटेगरीस्केल एवढेच रजिस्टर केले. ह्यातला एखादा राहिला तर चार्टजेएस लगेच कन्सोलवर नाव घेऊन सांगतो, त्यामुळं भ्यायचं कारण नाही.

एक्सेलच्या लायब्ररीपुढं मात्र ट्री शेकिंगचा काही इलाज नव्हता, कारण ती खरंच वापरात होती, फक्त शेतकऱ्याच्या नाही तर मॅनेजरसाहेबांच्या, संध्याकाळी दिवसभराची आवक डाउनलोड करायला. न लागणारा कोड काढणं अन आत्ता न लागणारा कोड नंतर आणणं ह्यात गल्लत करू नये. ती डायनॅमिक इम्पोर्टनं, जो कोडमधी कुठंही लिहिता येतो, बटण दाबल्यावर येईल अशी केली. साहेबांना विचारलं तर म्हणले, "मला दोन सेकंद लागू द्या ओ, त्यांचं आधी उघडू द्या."

मग तपासणी, अन ही माझी आवडती आहे कारण साधी आहे. मिनिफाय झाल्यावर फंक्शनांची नावं बदलतात, पण स्ट्रिंग तशाच राहतात. जे फंक्शन निघायला पाहिजे त्याच्या आतली एखादी ओळखीची स्ट्रिंग धरायची, एररचा मेसेज वगैरे, अन तयार बंडल जिथं पडतं त्या डिस्ट फोल्डरमधी शोधायची. सापडली तर फंक्शन अजून आत आहे. जुन्या टोकन प्रिंटचा मेसेज असाच सापडत राहिला, खोदल्यावर कळलं की तो एका क्लासच्या मेथडमधी आहे अन त्या क्लासच्या दुसऱ्या मेथड वापरात आहेत. क्लासच्या आतली न वापरलेली मेथड बंडलर काढत नाही, ऑब्जेक्टचीच अडचण तिथंही. तो क्लास मोडून सुटी फंक्शनं केली. टाइपस्क्रिप्टच्या ईनमचंही, म्हणजे ठरलेल्या नावा-किमतींच्या यादीचंही, थोडं असंच, ते लगेच चालणाऱ्या फंक्शनमधी बदलतं अन टर्सरला ते निरुपद्रवी आहे ह्याची खात्री होत नाही, म्हणून न वापरलेली ईनमं चिकटून राहतात. जिथं आपल्याला खात्री आहे तिथं फंक्शन कॉलच्या आधी प्युअरची कॉमेंट देऊन टर्सरला सांगता येतं, पण ईनम हातानं लिहिलेला कॉल नसतो, म्हणून तिथं साधे कॉन्स्ट ऑब्जेक्ट केले.

शेवटी मेन फाइल आधीच्या निम्म्याच्याही खाली आली. आता ती तिथं राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या सीझनला कुणीतरी घाईत एक लायब्ररी घालेल अन सगळं परत. वेबपॅकमधी परफॉर्मन्स नावाची सेटिंग आहे, डिफॉल्टनं २,५०,००० बाइटच्या वर फाइल गेली की नुसती पिवळी वॉर्निंग देते जी कुणी वाचत नाही. आम्ही हिंट्स एरर केलो अन मर्यादा आत्ताच्या आकाराच्या थोडी वर ठेवलो, म्हणजे फाइल फुगली की बिल्डच पडतं अन घालणाऱ्याला त्याच दिवशी विचार करावा लागतो.

एक चौकट अजून तशीच आहे. पावती छापायच्या छोट्या प्रिंटरची लायब्ररी फक्त यूएमडी ह्या जुन्या मॉड्यूल प्रकारात मिळते, तिच्यातलं काहीच कापता येत नाही. ती ऑपरेटरच्या पानापुरती वेगळी काढून ठेवलीय, तेवढं पान उघडलं तरच येते, अन ज्युनियर तिच्यातली आम्हाला लागणारी दोन फंक्शनं सुटी लिहायला बसलाय.